कांदा निफाडचा, कलम दिल्लीचं : १९ ऑगस्टच्या अधिसूचनेचं प्रकरण

शनिवारी, १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली. कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ताबडतोब लागू, ३१ डिसेंबरपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी निफाड तालुक्यात मामांकडे होतो. सोमवारी नागपंचमी. त्या दिवशी वावरात नांगर-विळा चालत नाही, त्यामुळे सगळे घरी सापडतात.

मामा चाळीत होते. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, ही राहायची चाळ नव्हे. जमिनीपासून हातभर उंच, लाकडी पट्ट्यांची, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी लांबट खोली. वर पत्रा, पत्र्यावर ऊन कमी करायला उसाचं पाचट. एप्रिलात भरलेला उन्हाळ कांदा तिच्यात पडून होता. मामांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता. आतला कांदा गरम लागला की समजायचं, सड सुरू झाली. बाहेर तीन बाया निवडायला बसल्या होत्या. चांगला एकीकडे, गोल्टी म्हणजे बारका एकीकडे, कोंब आलेला तिसरीकडे आणि काळा पडलेला थेट उकिरड्यावर. वास असा की जेवताना हाताला येत होता.

"काय रे, तू पोरांना राज्यघटना शिकवतो ना?"

"हो, मामा."

"मंग सांग, शेती कोणाकडं? मुंबईकडं का दिल्लीकडं?"

"राज्याचा विषय आहे. राज्यसूचीत येतो."

"मंग हा चाळीस टक्क्याचा बांबू दिल्लीनं कसा लावला?"

मी नाशिकला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. दोन गुणांना पुरेल एवढं उत्तर दिलं. मामांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये शुल्क शून्य होईपर्यंत मी या एका प्रश्नामागे फिरत राहिलो. हे त्याचं टिपण.

वावर ते बंदर

कुठला विषय केंद्राचा (संघसूची), कुठला राज्याचा (राज्यसूची) आणि कुठला दोघांचा (समवर्ती सूची) हे घटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलंय. तिच्यातून कांद्याचा प्रवास काढला तर गंमत दिसते. उळं म्हणजे बी टाकण्यापासून काढणीपर्यंत कांदा राज्यसूचीत असतो, नोंद १४, कृषी. ट्रॅक्टर मार्केटच्या फाटकातून आत गेला तरी राज्याकडेच, कारण नोंद २८ म्हणजे बाजार आणि जत्रा. लासलगाव काय किंवा पिंपळगाव बसवंत काय, बाजार समित्या चालतात त्या राज्याच्या १९६३ च्या कायद्यावर. लिलाव झाला, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली झाला, की जमीन जरा निसरडी होते. व्यापार आणि पुरवठा हे राज्यसूचीत आहेत खरे, पण समवर्ती सूचीतल्या नोंद ३३ च्या अधीन. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने ती नोंद रुंद केली आणि खाद्यपदार्थ तिच्यात आले. साठ्यावर मर्यादा घालायचा रस्ता इथून जातो. २०२० चे कृषी कायदेही याच नोंदीचा आधार घेऊन आले होते. मग कंटेनर न्हावा-शेव्याच्या बंदरात पोचतो आणि तिथे कांदा पूर्णपणे केंद्राचा होतो : संघसूची नोंद ४१, परदेशी व्यापार, आणि नोंद ८३, सीमाशुल्क, ज्यात निर्यातशुल्क स्पष्ट शब्दांत आहे.

म्हणजे कायद्याच्या बाजूने १९ ऑगस्टच्या निर्णयात काहीही खोट नव्हती. राज्याला विचारायची गरज नव्हती, विधिमंडळात चर्चेचा प्रश्न नव्हता. बंदी घालायची असती तर तेही विदेश व्यापार महासंचालनालयाला १९९२ च्या कायद्याखाली एका कागदावर करता येतं, आणि पुढे डिसेंबरात केलंच. "केंद्राने राज्याच्या अधिकारावर घाला घातला" अशी भाषणं त्या आठवड्यात बरीच झाली. ऐकायला बरी, पण चुकीची. घाला घालायला तिथे राज्याचा अधिकारच नव्हता.

घोळ वेगळ्या ठिकाणी आहे. दर बंदरावर ठरतो आणि पडतो मार्केटमध्ये. निर्यातदार ते ४० टक्के परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून सगळे वसूल करू शकत नाही, कारण तो दुसऱ्या देशाचा कांदा घेऊ शकतो. मग ते पैसे लिलावाच्या बोलीतून वजा होतात. केंद्राने कर लावला बंदरावरच्या पेटीला, तो भरला निफाडच्या ट्रॉलीने, आणि त्या ट्रॉलीसाठी केंद्राचं एकही कार्यालय निफाडात उघडं नाही. रांग लागते ती तहसील आणि जिल्ह्याच्या कचेरीपुढे.

तीन दिवस लिलाव बंद

सोमवारी, २१ ऑगस्टला जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव थांबले. बाजार समिती ही राज्याच्या कायद्याने झालेली, निवडून आलेल्या संचालकांची संस्था. दिल्लीशी बोलायला तिच्याकडे एकच साधन उरतं, फाटक लावणं. त्यात पहिला मार बसतो तो ज्याच्यासाठी फाटक लावलं त्यालाच. मामा म्हणाले, "माझ्या घराला आग लागली म्हणून मी माझीच विहीर बुजवू का?" पण बंदला विरोधही त्यांनी केला नाही.

मंगळवारी राज्याचे कृषिमंत्री धनंजय मुंडे दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार मंत्री पीयूष गोयल यांना भेटले. उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तेव्हा जपान दौऱ्यावर होते, तिथून फोनाफोनी झाली. निष्पन्न काय, तर नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था मिळून दोन लाख टन कांदा क्विंटलला २४१० रुपयांनी घेणार. गुरुवारी लिलाव पुन्हा सुरू झाले.

कृषी हा घटनेने राज्याला दिलेला विषय. त्याचा राज्यातला सर्वोच्च मंत्री दिल्लीत निवेदन घेऊन जातो आणि परत येताना केंद्राच्या खरेदीचा भाव घेऊन येतो. यात व्यक्तीचा दोष नाही. दुसरा कुणी असता तरी हेच केलं असतं, कारण त्या खुर्चीला तेवढंच करता येतं. आणि ती खरेदी म्हणजे भावाची हमी, असं शहरात बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ती भाव स्थिरीकरण निधीतून होते आणि हा निधी २०१६ पासून ग्राहक व्यवहार खात्याकडे आहे. खात्याच्या नावातच गिऱ्हाईक बसलेलं आहे. त्याच आठवड्यात दिल्लीत सरकारी कांदा २५ रुपये किलोने विकायला सुरुवात झाली होती. एका हाताने घ्यायचा नाशिकला आणि दुसऱ्या हाताने ओतायचा शहरात, की भाव आपोआप खाली.

२० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी लिलावात भागच घ्यायचा नाही असं ठरवलं आणि ते जवळपास दोन आठवडे चाललं. त्यांच्या मागण्या मी वर्गात फळ्यावर लिहितो. निर्यातशुल्क रद्द करा. बाजार समितीची फी शेकड्याला एक रुपयावरून पन्नास पैसे करा. पहिली मागणी संघसूची नोंद ८३ ची, दुसरी राज्यसूचीतली. मुलांना विचारतो, हे निवेदन कुणाला द्यायचं? उत्तर येतं, "जिल्हाधिकाऱ्यांना." ते बरोबर आहे. त्यांच्या हातात दोन्हींपैकी एकही गोष्ट नाही, हेही बरोबर आहे.

उन्हाळ थांबतो, लाल थांबत नाही

पुढचा क्रम झरझर सांगतो. २८ ऑक्टोबर २०२३ ला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या दराने कांदा बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबरला थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत. २२ मार्च २०२४ ला तीच बंदी पुढील आदेशापर्यंत. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. २२ मार्च २०२५ ला तेही काढल्याचं जाहीर झालं, १ एप्रिलपासून. पहिल्या अधिसूचनेपासून धरले तर एकोणीस महिन्यांत सात निर्णय.

यातला डिसेंबरचा सगळ्यात वाईट. कारण शेतीतलं आहे. ऑगस्टमध्ये चाळीत असतो तो उन्हाळ कांदा. त्याला पापुद्रे जास्त, तो ऑक्टोबरपर्यंत कळ काढतो, वजनात घट सोसतो. शेतकरी आठवडाभर थांबू शकतो, तीन दिवसांच्या बंदमध्ये टिकू शकतो. डिसेंबरात येतो लाल. त्यात पाणी जास्त, तो चाळीत ठेवायचा नसतो. काढला, पात कापली, दोन-चार दिवसांत मार्केटला. ८ डिसेंबरला बंदी लागू झाली तेव्हा मामांचं लालचं वावर अर्धं काढलेलं होतं. उरलेला अर्धा काढायची मजुरी द्यायची का नाही, एवढाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. महिना संपायच्या आत भाव निम्म्याच्या आसपास आले. कागदावर दोन्ही निर्णय "निर्यातीवर नियंत्रण" या एकाच रकान्यात बसतात. कुठला कांदा कुठल्या महिन्यात थांबू शकतो हे निफाडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हे ज्ञान निर्णयाच्या टेबलापर्यंत न्यायची वाट मात्र घटनेत कुठेच आखलेली नाही.

मग एप्रिल २०२४. लोकसभेची धामधूम. देशभर बंदी असताना २५ एप्रिलला गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. नाशिकमध्ये त्या दिवशी जे बोललं गेलं ते इथे छापता येणार नाही. दोन दिवसांनी केंद्राने सांगितलं की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी आहे आणि तो माल मुख्यतः महाराष्ट्राचा आहे. आकड्यांत पाहिलं तर गुजरातचा हिस्सा किरकोळ. पण केंद्राकडे एकहाती चावी असली की ती कुणासाठी फिरली हे लोक आकड्यांनी मोजत नाहीत. तोवर नाशिककरांचं भांडण दिल्लीशी होतं. त्या दिवसापासून ते शेजारच्या राज्याशीही झालं.

२० मे रोजी नाशिक आणि दिंडोरीत मतदान झालं, बंदी उठून सोळा दिवस झाले होते. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पेशाने शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांच्याकडून हरल्या, नाशिकमध्ये हेमंत गोडसे राजाभाऊ वाजेंकडून. कांद्यामुळेच हरले असं कुणी सिद्ध करू शकणार नाही; पक्षफुटीपासून जरांगे आंदोलनापर्यंत बरंच काही त्या निवडणुकीत होतं. मला त्यात दिसतं ते एवढंच की एका जिल्ह्याला केंद्राच्या निर्णयावर बोलायची पहिली खरी संधी नऊ महिन्यांनी मिळाली, आणि तीही इतर दहा प्रश्नांसोबत एकाच बटणावर.

दिल्लीची बाजू

मामांना हे पटत नाही, तरी लिहितो. कांद्याच्या भावावर १९८० ची लोकसभा निवडणूक गाजली. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेत सत्ताधारी भाजपचा पराभव झाला त्यातही कांदा होता. ज्या राज्यांत कांदा पिकतच नाही तिथल्या हातगाडीवाल्याला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला ८० रुपये किलो परवडत नाही, हेही खरंच. निर्यातीची चावी महाराष्ट्राच्या हातात दिली तर महाराष्ट्र ती कधीच बंद करणार नाही. आणि राज्यांच्या हातात चावी आली की ती शहाणपणाने फिरवतात असंही नाही. २०२४ मध्ये पश्चिम बंगालने आपला बटाटा दुसऱ्या राज्यांत जाऊ नये म्हणून सीमेवर गाड्या अडवल्या आणि ओडिशाने आरडाओरडा केला. देशांतर्गत व्यापार मोकळा असावा असं अनुच्छेद ३०१ सांगतो, तरी हे झालं. उद्या बंगालने बटाटा अडवला म्हणून आपण कांदा अडवायचा, असं सुरू झालं तर कुठे थांबणार?

तेव्हा चावी केंद्राकडेच राहू दे, असं माझं मत आहे. वर्गात हे सांगितलं की येवला-चांदवडची मुलं माझ्याकडे गद्दार असल्यासारखी बघतात.

पण चावी ठेवणाऱ्याने किंमत कुणाच्या खिशातून जाते याचा हिशोब द्यावा की नाही? इथे मला अनुच्छेद २७३ आठवतो. परीक्षेत कुणी विचारत नाही, कारण तो कधीच कालबाह्य झाला. घटना लागू झाली तेव्हा तागावर निर्यातशुल्क होतं. ताग पिकायचा पूर्वेकडे, शुल्क जायचं दिल्लीला. म्हणून अनुच्छेद २७३ ने आसाम, बिहार, ओरिसा आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांना त्या शुल्कातल्या वाट्याच्या बदल्यात अनुदान द्यायचं ठरवलं, जास्तीत जास्त दहा वर्षं. आणि ही काही घटनाकारांची नवी दया नव्हती. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात तागाच्या निर्यातशुल्काचा किमान निम्मा भाग पिकवणाऱ्या प्रांतांना द्यायची तरतूद होती, आणि केंद्र-प्रांतांचे वाटे ठरवणाऱ्या निमायर यांच्या निवाड्याने तो साडेबासष्ट टक्के झाला. एका प्रदेशाच्या पिकावर सगळ्या देशाच्या नावाने कर लावला तर त्या प्रदेशाचं देणं लागतो, एवढी जाणीव परक्या सरकारच्या कायद्यातही होती.

कांद्यावर शुल्क होतं त्या वर्षांचा हिशोब करून पाहू. कांद्याच्या निर्यातशुल्कातून केंद्राला १०० रुपये मिळाले असं धरा. तेव्हा लागू असलेल्या पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे त्यातले ४१ रुपये राज्यांच्या सामाईक वाट्यात जायचे. महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे साधारण २ रुपये ५९ पैसे. उत्तर प्रदेशाचा १७.९३९ टक्के, म्हणजे ७ रुपये ३५ पैसे. वसुलीचा खर्च सोडून दिलाय, पण ढोबळमानाने चित्र हेच. हे वाटप सूत्राने होतं आणि सूत्र गरीब राज्यांच्या बाजूने झुकलेलं असावं यात मला चूक वाटत नाही. पण मामांना हे आकडे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे माझ्या कांद्याचे पैसे जास्त तिकडं गेले?" हो, मामा.

अमेरिकेने हा प्रश्न मुळातच कापला. कुठल्याही राज्यातून निर्यात होणाऱ्या मालावर कर लावता येणार नाही, असं त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात लिहिलंय. १७८७ मध्ये तंबाखू, तांदूळ पिकवणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांनी ते मागून घेतलं. अर्जेंटिनाची गोष्ट आपल्याला जवळची. तिथे २००८ मध्ये सोयाबीनच्या निर्यातशुल्कावरून शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध निर्णायक मत दिलं आणि पुढच्या वर्षी सोयाबीनच्या शुल्कातले ३० टक्के प्रांतांना द्यायचा निधी निघाला. २०१८ मध्ये तो बंदही झाला. अशा सोयी तिजोरीला जड झाल्या की पहिल्या जातात.

माझ्याच मांडणीतली एक अडचण मला दिसते. शुल्कात वाटा मागता येतो, बंदीत कसला वाटा? बंदीतून तिजोरीत रुपयाही येत नाही, आणि मामांना खरा फटका बंदीचाच. निर्णयाआधी राज्याला विचारा म्हणावं, तर बातमी फुटणार आणि त्या आठ दिवसांत बंदराकडे गाड्यांची रीघ लागणार, म्हणूनच तर या अधिसूचना रात्रीतून निघतात. तरीही बंदीनंतर, भाव अमुक इतका पडला तर फरक केंद्र देईल, असं आधीच लिहून ठेवायला कुणाची हरकत आहे? फुकट असल्यामुळेच बंदी इतकी सोपी झाली आहे. २०२० मध्ये १४ सप्टेंबरला निर्यातबंदी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने साठ्यावरची बंधनं सैल करणारं विधेयक मंजूर केलं. पैसे मोजावे लागले असते तर डाव्या हाताने उजव्याला विचारलं असतं.

राज्यं आणि केंद्र यांनी एकत्र बसायची जागा घटनेत आहे, अनुच्छेद २६३ ची आंतरराज्य परिषद. ती स्थापन झाली १९९० मध्ये. अकरावी बैठक झाली जुलै २०१६ मध्ये, त्याआधीची २००६ मध्ये. निर्यातबंदीच्या वर्षी तिचं नावही कुणी काढलं नाही, महाराष्ट्रानेसुद्धा.

मुंबईही दूरच

महाराष्ट्राला तर हे सोयीचंच असतं. भाव पडला की बोट दिल्लीकडे, मदत दिली की फोटो इथला. मार्च २०२३ मध्ये लाल कांदा मातीमोल झाला तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेला कांदा, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. मदत खरी होती, नाकारत नाही. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. मामांनी कांदा लावला होता, विकला होता, पावत्या होत्या; सातबाऱ्यावर मात्र आधीच्या हंगामातली मका बसली होती. मग तलाठी, मग पुन्हा तलाठी, मग गावच्या समितीचा दाखला. शेतात काय उभं आहे हे शेजारच्या म्हातारीला माहीत होतं, फक्त फायलीला माहीत नव्हतं. मामांच्या दृष्टीने मुंबई आणि दिल्लीत फरक एवढाच, की मुंबईला जायला पंचवटी एक्सप्रेस आहे.

एप्रिल २०२५ मध्ये शुल्क शून्य झालं तेव्हा मी मुद्दाम गेलो. उन्हाळ कांदा चाळीत भरायचं काम चालू होतं. मामांनी पेटीतून दुधाची धुतलेली पिशवी काढली. तिच्यात दोन वर्षांच्या हिशोबपट्ट्या होत्या, हमाली-तोलाई वजा केलेल्या, आणि गावाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या निवेदनाची एक प्रत. कोपऱ्यात निळा शिक्का : आवक, क्रमांक, तारीख. मामांनी तो अंगठ्याने पुसल्यासारखं केलं.

"मार्केटात बी आवक, कचेरीत बी आवक," ते म्हणाले. "मार्केटातली निदान त्याच दिवशी विकती."

प्रत त्यांनी परत पिशवीत ठेवली आणि बाहेर ट्रॉली लागली म्हणून उठले.